हार्डवेअर सॅम्पलरवर बांधलेलं गाणं रेकॉर्ड करताना त्याचा आवाज कसा जपायचा?

संबळसूर (पुणे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एमपीसी २०००एक्सएल हे सॅम्पलर आहे, म्हणजे आवाजाचे तुकडे (सॅम्पल्स) साठवून पॅडवर वाजवायचं मशीन. नोकरीनिमित्त दोन वर्षं ओसाकाला होते, तेव्हा तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलं आणि परत येताना कपड्यांच्या मधोमध गुंडाळून आणलं. गेल्या दीड वर्षात त्यावर सहा गाणी बांधली. ठेका हलगीचा आणि संबळाचा, वर भावाचं मराठी रॅप. मधूनमधून माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या येतात. तिचं एक कॅसेट घरात होतं, त्यावरूनच सॅम्पल घेतलं. आत्या आता नाही.

गाणी पूर्ण झाली आहेत. मशीनला हेडफोन लावून ऐकते तेव्हा अंगावर येतात. हलगी भरदार लागते आणि ओवी खोल कुठूनतरी आल्यासारखी वाटते. आता ती कायमची रेकॉर्ड करायची आहेत. मशीन जुनं आहे आणि फ्लॉपीवर माझा भरवसा नाही.

पहिलं गाणं मी असं केलं: सगळी सॅम्पल्स फ्लॉपीवरून काँप्युटरवर घेतली, सॉफ्टवेअरमध्ये त्याच जागी मांडली, वर भावाचा आवाज चढवला. ऐकलं तर गाणं पातळ. सगळं जागच्या जागी आहे, पण ठेका चालत नाही, नुसता बसून राहतो. ओवीही तिची वाटत नाही. भाऊ म्हणाला, "हे आपलं गाणं नाहीये."

काँप्युटरला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसला दोनच इनपुट आहेत. मशीनला आठ वेगळ्या आउटपुटची जादा पाटी (बोर्ड) बसवलेली आहे, पण ती मी कधी वापरलेली नाही. सॅम्पलरचा आवाज जसाच्या तसा गाण्यात उतरवायला काय करावं? कृपया सविस्तर सांगा, मला घाई नाही.

शांत_खर्ज (नाशिक)

माझाही हाच प्रश्न आहे, फक्त मशीन एसपी-४०४. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

फेडरवरचा_हात (मुंबई)

ताई, पंचवीसेक वर्षं रेकॉर्डिंगच्या खोलीत काढली आहेत. उत्तर देतो, पण आधी काही गोष्टी सांगा.

ओवीच्या पॅडची पट्टी मशीनमध्ये बदलली आहे का? बदलली असेल तर काँप्युटरवर ती कशी बदलली? हलगीच्या पॅडना डीके (आवाज किती लवकर विरावा ते) किंवा फिल्टर लावलाय का? स्विंग (जोडीतला दुसरा ठोका किती उशिरा पडावा ते) किती टक्के? एक पॅड वाजल्यावर दुसरा तुटावा अशी जोडणी कुठे केली आहे का? आणि काँप्युटरवर ओवी तिच्या जागी नीट बसली, की ओढूनताणून बसवावी लागली?

संबळसूर (पुणे)

ओवी मशीनमध्ये तीन सेमीटोन (अर्धस्वर) खाली आहे. काँप्युटरवरही तीनच उतरवली, पण तिथे ती लवकर संपत होती, म्हणून थोडी सरकवून बसवली. हलगीच्या पॅडना डीके आहे, घुमारा लांबत होता म्हणून कापला होता. एकावर फिल्टरही आहे. काँप्युटरवर यातलं काही लावलं नाही, सॅम्पल म्हणजेच आवाज असं मी धरून चालले होते. स्विंग ६२ टक्के. हलगीच्या खुल्या थापेला बंद थाप तोडते, तशी जोडणी केली आहे.

फेडरवरचा_हात (मुंबई)

"ओवी लवकर संपत होती" यातच निम्मं उत्तर आलं.

सॅम्पलरमध्ये सूर उतरवला की टेप हळू फिरवल्यासारखं होतं. सूर आणि वेग दोन्ही एकत्र खाली येतात. तीन सेमीटोन म्हणजे वेग ०.८४ पट. चार सेकंदांची ओवी पावणेपाच सेकंदांची होते. आत्याबाईंचा श्वास लांबतो, गळ्याचा पोत जड होतो. काँप्युटरने सूर उतरवला पण लांबी चारच सेकंद ठेवली, त्यासाठी आवाजाचे बारीक तुकडे करून परत जोडले. तुम्ही दीड वर्ष ऐकलेली ओवी ही नव्हेच, म्हणून ती त्यांची वाटत नाही.

बाकीचंही तसंच. फ्लॉपीवरच्या सॅम्पल फाइलीत फक्त कच्चा आवाज असतो. डीके, फिल्टर, पॅडची पट्टी, किती जोराने वाजवलं तर किती मोठं, कोण कोणाला तोडतो, हे सगळं प्रोग्रॅममध्ये असतं. तुम्ही शिधा नेलात आणि स्वयंपाक मशीनमध्येच राहिला.

आता ठेका. मशीनमध्ये एका मात्रेचे ९६ भाग असतात. तुमचा वेग मिनिटाला ९० मात्रांचा असेल तर एक भाग साधारण ७ मिलिसेकंदांचा. दोन सोळांशांच्या, म्हणजे पाव मात्रेच्या ठोक्यांच्या, जोडीला ४८ भाग मिळतात. सरळ वाजवलं तर दुसरा सोळांश २४ व्या भागावर पडतो, ६२ टक्के स्विंगला तो ३० व्या भागावर जातो. म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद उशिरा. संबळाची लय त्या ४२ मिलिसेकंदांवर झुलते. काँप्युटरवर हाताने मांडताना ती सरळ झाली असणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: मशीनमधून काढून घेऊ नका, मशीनला वाजू द्या आणि ते वाजताना रेकॉर्ड करा. सॅम्पलरचा आवाज फाइलीत नसतो, तो त्याच्या तोंडातून बाहेर पडताना तयार होतो.

दोन इनपुटवर हे नीट होतं. पद्धत सांगतो.

पास म्हणजे गाणं एकदा वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग. आधी पास शून्य. स्टिरिओ आउटमधून अख्खं गाणं, एका दमात, काहीही म्यूट न करता. हाच तुमचा पुरावा. पुढे मिक्समध्ये कुठेही चुकल्यासारखं वाटलं की याच्याशी ताडून बघायचं. बऱ्याचदा शेवटी याच पासवर गायकाचा आवाज चढवून गाणं पुरं होतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

मग सुटे पास. आठ आउटपुटची पाटी आहे तर पॅड वेगळ्या आउटना द्या आणि दोन-दोन करून घ्या. पाटी नसलेल्यांनी एक पॅड पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे पॅन करावा, एका पासात दोन मोनो ट्रॅक मिळतात. पॅन टोकाला नेल्यावर लेव्हल थोडी बदलू शकते, ती पास शून्य ऐकून जुळवायची.

इथे एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलोय. जे पॅड एकमेकांना तोडतात ते एकाच पासात हवेत. तुमची बंद थाप म्यूट करून खुली थाप एकटी घेतलीत तर तिला तोडणारं कोणी नसतं, घुमारा लांबतो आणि सगळे ट्रॅक एकत्र लावल्यावर हलगी चिखलात रुतल्यासारखी वाटते. त्या दोघींना वेगळं करू नका.

प्रत्येक पासच्या आधी एक रिकामा बार (आवर्तन) ठेवा आणि त्यात एक टोकदार ठोका टाका, रिमशॉटसारखा. तो सगळ्या पासांत वाजला पाहिजे. नंतर लाटेचं चित्र मोठं करून सगळे ठोके एका रेषेत आणले की पास जुळतात.

काँप्युटरच्या ग्रिडशी (मात्रांच्या आखलेल्या रेषांशी) मात्र गाणं शेवटपर्यंत जुळणार नाही. मशीनचं घड्याळ वेगळं, इंटरफेसचं वेगळं. दोघांत दहा लाखांमागे पन्नासाचा फरक असला तरी तीन मिनिटांत ९ मिलिसेकंदांची तफावत पडते. ती दुरुस्त करायला जाऊ नका. सगळे पास त्याच दोन घड्याळांवर झालेले असल्याने ते आपापसात जुळतातच. ग्रिड बंद करा. भाऊ ग्रिड ऐकून नाही, हलगी ऐकून म्हणणार आहे.

दोन_ट्रॅक (बंगळुरू)

फेडरकाकांशी बहुतेक सहमत, पण एक वेगळा मुद्दा मांडतो. या मशीनच्या जादा पाटीवर डिजिटल आउटही असतो. २०००एक्सएल १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचं मशीन आहे. डिजिटलमधून घेतलं तर पट्टी, डीके, फिल्टर, स्विंग सगळं येतं, कारण ते आतल्या गणितात होतं. सुटतो फक्त शेवटचा अॅनालॉग टप्पा. त्या बदल्यात घरघर नाही, केबलचा गोंधळ नाही, आणि इंटरफेसचं घड्याळ मशीनच्या डिजिटल सिग्नलवर बांधलं तर तफावतीचा प्रश्नही मिटतो. प्रोजेक्ट मात्र ४४.१ लाच ठेवा आणि इंटरफेस बाहेरच्या घड्याळावर टाकायला विसरू नका, नाहीतर मधेमधे टिकटिक ऐकू येईल.

आवाज जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं, हे आधी ठरवावं असं मला मनापासून वाटतं. या मशीनच्या बाबतीत मला तरी आतलं गणितच महत्त्वाचं वाटतं.

हडसनकाठी (न्यू जर्सी)

दोन_ट्रॅक, २०००एक्सएलबद्दल तुमचं म्हणणं पटतं. पण हा नियम सगळ्या मशीनना लावता येणार नाही. माझ्याकडे ई-म्यू एसपी-१२०० आहे, १९८७ सालचं डिझाइन. तिथे शेवटचा टप्पा हाच खरा आवाज आहे, आणि डिजिटल आउट नाहीच.

इथे न्यूयॉर्कच्या आसपास हिप-हॉप ज्यांनी घडवलं, त्यांतल्या पीट रॉकसारख्यांच्या हाताखाली हे मशीन होतं. १२ बिट, २६.०४ किलोहर्ट्झ. एकूण सॅम्पलिंग दहा सेकंद, आणि एका सॅम्पलला जास्तीत जास्त अडीच सेकंद. जागा पुरेना म्हणून लोक ३३ ची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल घ्यायचे आणि मशीनमध्ये पट्टी उतरवायचे. ४५ भागिले ३३⅓ म्हणजे १.३५, सुरात बोलायचं तर पाच सेमीटोनांहून किंचित जास्त. दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा ऐवज मावायचा. काटकसर म्हणून केलेल्या या गोष्टीतून एक आवाज जन्माला आला, कारण या मशीनला सूर उतरवताना मधले आकडे मोजून भरता येत नाहीत, ते काही आकडे दोनदा वाचतं. त्यातून जी धातूसारखी छनछन येते, तिच्यासाठी आजही लोक हे मशीन जपतात.

आता आउटपुट. आठ आहेत आणि आठही सारखे नाहीत. १ आणि २ वर एसएसएम २०४४ चिपचा हलता फिल्टर, ३ ते ६ वर ठरावीक फिल्टर, आणि ७-८ वर फिल्टरच नाही. तोच स्नेअर २ वर गोल लागतो आणि ८ वर काचेसारखा. म्हणजे रेकॉर्डिंगच्या सोयीसाठी एखादा आवाज दुसऱ्या आउटवर हलवलात तर तुम्ही गाणंच बदललंत. गाणं बांधताना जो आउट होता तोच रेकॉर्डिंगला.

आणखी एक चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे. मशीन २६ किलोहर्ट्झचं, मग रेकॉर्डिंगही तेवढ्यावरच केलं तर काय बिघडलं, असा विचार. बिघडतं. फिल्टर नसलेल्या आउटवर १३ किलोहर्ट्झच्या वरही आवाज असतो. मूळ आवाजाचं ते प्रतिबिंब: १० किलोहर्ट्झवरचा अंश वर १६.०४ वर पुन्हा उमटतो. मूळ रेकॉर्डमध्ये तो नव्हता, मशीनने आणला, आणि आपल्याला तोच हवा आहे. म्हणून ४४.१ किंवा ४८ वर, २४ बिटमध्ये घ्या. पुढे रेकॉर्डिंगच हळू करून वापरायचा विचार असेल तर ९६ वर घ्या.

लेव्हल दोन ठिकाणी येते आणि लोक दोन्हीची गल्लत करतात. १२ बिट मशीनमध्ये सॅम्पल घेताना आत भरपूर जोरात पाठवावं, कारण त्याच्याकडे तत्त्वतः ७४ डीबीचीच जागा आहे, हळू पाठवलं तर सळसळ वर येते. पण त्याच मशीनमधून बाहेर रेकॉर्ड करताना जोर करायची काही गरज नाही. २४ बिटमध्ये सर्वांत मोठा ठोका उणे १२ च्या आसपास राहिला तरी काहीही हरवत नाही.

फेडरवरचा_हात (मुंबई)

हडसनकाठी, ७-८ बद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. नव्वदच्या दशकात मी आकाई एस९५० वर काम शिकलो. तेही १२ बिट आणि आठ सुटे आउट असलेलं. आठही तारा डेस्कवर यायच्या. त्या वेळी वरिष्ठ सांगायचे की कुठला आवाज कुठल्या तारेवर आहे हे कागदावर लिहून टेपच्या डब्यात ठेव. आज तो कागद फाइलबरोबर ठेवावा. मोबाइलवर मशीनच्या स्क्रीनचे फोटो काढले तरी चालतील.

दोन_ट्रॅक, डिजिटल की अॅनालॉग हे कानांनी ठरवता येतं. तोच एक बार दोन्ही मार्गांनी घ्या, लेव्हल तंतोतंत सारखी करा, एकाचा फेज (लाटेची दिशा) उलटा करून दोन्ही एकत्र वाजवा. जे शिल्लक ऐकू येईल तोच फरक. तुकडा लहान घ्या. घड्याळं वेगळी असतील तर दोन-तीन सेकंदांपुढे ही चाचणी खोटं बोलायला लागते. लेव्हलही सारखी केल्याशिवाय तुलना करू नका, अर्धा डीबी मोठं असलेलं कानाला बऱ्याचदा सरस वाटतं.

मला विचाराल तर ताईंनी पास शून्य दोन्ही मार्गांनी घ्यावा.

पॅडवाला (सातारा)

मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. स्टेजवर एसपीडी-एसएक्स असतं, त्यात स्वतः सॅम्पल केलेली हलगी, संबळ, दिमडी आहे. त्यामुळे ताईंच्या हलगीबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

हलगीत कातड्याचा कडक आवाज आणि कड्याची झणझण या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. डीके कापला की झणझण जाते आणि कडकपणा पुढे येतो. ताईंनी कापून जो तोल साधलाय तोच त्यांच्या गाण्याचा आवाज. मिक्स करणारा माणूस "हलगीला जरा हवा देऊ" म्हणत रिव्हर्ब लावायला गेला तर हात धरा.

माझा खरा मुद्दा विजेचा आहे. मशीन ओसाकाचं आहे म्हणजे १०० व्होल्टचं. आपल्याकडे २३०, म्हणजे मधे ट्रान्सफॉर्मर असणार. तो ट्रान्सफॉर्मर ऑडिओ केबलच्या शेजारी ठेवला की घरघर आत शिरते. तो टेबलाखाली लांब ठेवा. विजेची वायर आणि ऑडिओ केबल समांतर नेऊ नका, एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच शांत होतं. तरी घरघर राहिली तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन यंत्रांमधला थेट विजेचा संबंध तोडणारी पेटी) लावा. पण कुणी कितीही सांगितलं तरी प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. स्टेजवर मी झटका बसलेले कलाकार पाहिलेत.

घरघर नंतर सॉफ्टवेअरने काढू असं म्हणून सोडू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि घरघर ५०, १००, १५० वर बसते. तुमच्या किकचा पायाही नेमका ५०-६० च्या आसपास असतो. घरघर कापली की किक पोकळ होतो.

शांत_खर्ज (नाशिक)

४०४ बद्दल कुणी सांगेल का? त्याला सुटे आउट नाहीत. मी इफेक्ट काढून कोरडं रेकॉर्ड करतो आणि नंतर काँप्युटरवर इफेक्ट लावतो, पण मजा येत नाही.

हडसनकाठी (न्यू जर्सी)

इफेक्ट काढू नका. एसपी-४०४ वर इफेक्ट हा वाद्याचाच भाग आहे. फिल्टरची खुंटी तुम्ही ज्या क्षणी, ज्या गतीने फिरवता ती तुमच्या हाताची लय असते. अख्खं गाणं इफेक्टसकट वाजवत रेकॉर्ड करा. चार टेक घ्या, सर्वांत जिवंत असेल तो ठेवा. पहिल्या ४०४ ला, म्हणजे २००५ च्या मॉडेलला, आरसीए आउट आहेत. त्यांची लेव्हल घरगुती यंत्रांची, उणे १० डीबीव्ही. स्टुडिओच्या अधिक ४ डीबीयूपेक्षा जवळजवळ १२ डीबी कमी. हळू येतंय म्हणून माइकच्या इनपुटला लावू नका, लाइन इनपुटलाच लावून गेन वाढवा. कोरडा पास हवाच असेल तर तो जादा म्हणून घ्या.

फेडरवरचा_हात (मुंबई)

ताई, रेकॉर्डिंगनंतरही आवाज मारला जातो, म्हणून हेही लिहून ठेवतो.

मशीनचा मेन व्हॉल्यूम वर ठेवा आणि इंटरफेसचा गेन खाली. उलट केलंत तर मशीनची सळसळ वाढवून घेता. जी सळसळ तरीही येईल ती राहू द्या. ठोक्यांच्या मधे गेट लावून शांतता पाडली तर ठोके एकमेकांपासून सुटतात. कॅसेटची सळसळ तुमच्या ओवीच्या मागे आहे, आणि ती ओवीच्या खोलीची हवा आहे. नॉइज रिडक्शन लावलंत तर आत्याबाईंच्या आवाजातले स, श, ह तिच्याबरोबर जातील.

आवाज आणि ठेका भांडत असतील तर भावाच्या आवाजाला इक्यू (आवाजाचे ठरावीक पट्टे कमी-जास्त करणारं साधन) लावा, ठेक्याला नाही. गाणं ठेक्यावर बांधलंय, जागा आवाजाने करून घ्यायची.

पॅड जोरात ठेवून मशीनच्या आतच सगळं एकत्र दाबून वाजवायची सवय असेल तर तो दाब फक्त पास शून्यात सापडतो, सुट्या पासांत नाही. तसं असेल तर पास शून्य हाच पाया धरा.

मास्टरिंगला (प्रसिद्धीआधीच्या शेवटच्या संस्काराला) पाठवताना लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) काढून पाठवा आणि पास शून्य सोबत जोडा, "असं वाटलं पाहिजे" म्हणून. फार मोठं करून घेण्याचा हट्ट नको. स्पॉटिफाय ऐकताना गाणी उणे १४ लफ्सच्या (गाणं किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपास आणून ठेवतं, म्हणजे चिरडून मोठं केलेलं गाणं तिथे परत खालीच येतं, आणि तोपर्यंत हलगीची थाप चपटी झालेली असते.

संबळसूर (पुणे)

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचं वाचून, वहीत उतरवून घेऊन मग कामाला लागले.

पहिला रविवार विजेतच गेला. पॅडवाला दादा, ट्रान्सफॉर्मर खरंच केबलच्या वेटोळ्यातच बसलेला होता. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, चार्जर काढला आणि घरघर ऐकू येईनाशी झाली. डीआय बॉक्सची गरज पडली नाही.

मग पास शून्य, सहाही गाण्यांचा. पहिलं गाणं संपलं तेव्हा भाऊ दारात उभा होता. काही बोलला नाही, फक्त म्हणाला की परत लाव.

डिजिटल आणि अॅनालॉग दोन्हीने घेतलं. इंटरफेस बाहेरच्या घड्याळावर टाकायला मला एक संध्याकाळ लागली, टिकटिक आधी आली आणि मग थांबली. फेज उलटा करून दोन सेकंदांचा तुकडा ऐकला. शिल्लक फार थोडं होतं, वरच्या टोकाला बारीकशी कुजबुज. दोन_ट्रॅक, तुमचं म्हणणं माझ्या मशीनपुरतं खरं निघालं. तरी ओवी असलेल्या दोन गाण्यांना मी अॅनालॉग ठेवलं. त्या कुजबुजीत कॅसेटचा जो भाग आहे तो मला सोडवेना.

सुटे पास चार गाण्यांचे झाले. हलगीच्या दोन्ही थापा एकाच पासात घेतल्या. एका गाण्यात मुद्दाम वेगळ्या घेऊन बघितल्या, आणि फेडरकाका म्हणाले तसंच झालं, चिखल. तो पास पुसून टाकला.

जुळवणीचा ठोका म्हणून रिमशॉटऐवजी जात्याचा खुंटा आपटल्याचा आवाज लावला, कॅसेटच्या सुरुवातीला तो होता. लाटेत टोक स्पष्ट दिसतं, ओळीत आणायला सोपं गेलं.

तिसऱ्या गाण्यात एक अडचण आहे. तिथे ओवीचा शेवटचा शब्द आणि खुली थाप एकाच क्षणी येतात. पास शून्यात ती थाप ओवीला थोडीशी खाली दाबते आणि ते फार सुंदर वाटतं. सुट्या ट्रॅकमध्ये दोन्ही पूर्ण ऐकू येतात, तो दाब नाही. कंप्रेसरने जवळ गेले, पण तसं झालं नाही.

फेडरवरचा_हात (मुंबई)

ते तिथेच सोडा, ताई. त्या दोन ओळींपुरता पास शून्य वापरा. थापेच्या आधीच्या रिकाम्या जागेत काप द्या, दोन-तीन मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक विरताना दुसरा वर येणं) पुरेल, आणि ओळी संपल्या की पुन्हा सुट्या ट्रॅकवर या. घड्याळ एकच आहे, तुकडा जागेवर बसेल.

संबळसूर (पुणे)

बसला. आत्ताच ऐकलं. पाचव्या आणि सहाव्याचे सुटे पास या शनिवारी घेते, पॅडच्या पानांचे फोटो आधीच काढून ठेवलेत.